नववा दिवस, वडगाव

चेन्नईकडं कुठंतरी वादळ आलं म्हणे,
आणि वाळत नाही ते आमचं सूत.
एवढं लांबचं दुखणं
आमच्याच दोरीवर कसं उतरलं, कुणास ठाऊक.

सकाळी दार उघडलं की गल्ली नाहीच.
समोर नीलव्वाचं घर नाही,
नुसतं तिचं खोकणं आहे.
तिकडचे मागही गप्प.
ज्या खटखटीला जन्मभर शिव्या घातल्या
ती थांबली, तर दुपारची झोप लागेना.

चाळीस लड्या पिवळ्या रंगवून बसलेय,
लग्नाच्या साड्यांचा ताणा.
होसूरचे मालक फोनवर : झालं काय ओ?
झालंय की. खरं वाळायचंय.
पंखा लावा म्हणतात.
पंख्यानं वाळतं, खरं मऊच राहतं.
उन्हात सूत ताठ होतं,
नव्या नोटेगत,
आणि त्याला एक वास येतो.
कशाचा, ते मला अजून सांगता आलेलं नाही.

परशरामानं बांबू घरात बांधले.
आता लड्यांखाली जेवतो,
लड्यांखालीच भांडतो.
परवा रात्री कपाळावर टप्पकन थेंब पडला.
पहाटे आरशात बघते, तर
हळद लागलेली, बावीस वर्षांनी.
त्याला उठवून दाखवली.
कूस बदलून म्हणाला,
पूस ते, उशीला लागंल.

चुलीपुढं हात धरले तर हातच तापतात,
बाकीची मी तशीच.
कुणी रोज दारात येऊन बसावं
आणि आपण त्याला कधी चहासुद्धा विचारू नये,
तसं झालंय उन्हाचं.
मे महिन्यात काय काय बोलले मी त्याला!
खिडकीला गोणपाट लावून हाकललं होतं.

गुरुवारी, तीनच्या सुमारास,
नीलव्वा ओरडली : बिसिल बंतु! बिसिल बंतु!
एकोणीस वर्षं तिचं निम्मं बोलणं
मी अंदाजानं घेते.
आज अंदाज लागला नाही.
काखेत लड्या मारून पळाले.

गल्लीच्या मधोमध
धोतराएवढं ऊन पडलेलं.
शिंपी बसलिंग गळ्यात टेप घेऊन उभा,
विरेश एका पायात चप्पल घालून.
नीलव्वानं आपली वाकळ एका अंगाला सारली,
निम्मी दोरी मला दिली.
मग कुणीच काही बोललं नाही.
सगळ्यांनी डोळे मिटलेले,
कुत्र्यानंसुद्धा.

अकरा मिनिटं.
विरेशनं मोबाइलात मोजली.

ढग आला तशी माणसं हळूहळू आत गेली,
पंगत उठावी तशी.
नीलव्वानं लडी चाचपली, मान हलवली :
इन्नू हसी.
अजून ओलंच.
मी हुंगून बघितलं.
कडेच्या एका लडीला, बोटभर जागेत,
तो वास होता.

बाकीच्या एकोणचाळीस आत नेल्या.
ती नेली सगळ्यात शेवटी.