खाल्ल्या मिठाला

मार्चमध्ये बियबिनाझ शेत धुते.
नांगरत नाही, पेरत नाही. धुते,
तीन पाण्यांनी, कपडे धुवावेत तसं.
पाटकरी तोलिबाय रात्री अडीचला दार उघडतो
आणि वाफ्यांत घोटाभर चंद्र उभा राहतो.

पाणी मीठ घेऊन खाली जातं.
निचऱ्याचा चर गाळानं बुजलेला,
तो ते वर पाठवतो. सव्याज.
मे महिन्यात बांधावरून पाहिलं
तर वाटतं कापूस फुटलाय.
रोप अजून वीतभरही नसतं.

ती ढेकूळ फोडते, जिभेला लावते.
"गेल्या साली आसवांएवढं होतं.
आता लोणच्याएवढं."
माझ्या प्रयोगशाळेचा आकडा
तिसऱ्या दिवशी येतो, तेच सांगतो.

मी म्हटलं, आमच्यात शेताला काळी म्हणतात,
वस्तीला पांढरी.
ती बराच वेळ चहा ढवळत राहिली.
साखर नव्हतीच त्यात.
मग खिडकीबाहेर बोट केलं :
शेतच पांढरं झालंय. आणि वस्ती?
सतरा घरांना कुलपं,
लेक अल्माटीत विटा रचतोय.

घरामागच्या तुकड्यात यंदा तिनं जुवेरी टोकली,
आपली ज्वारीच, नावानंही चुलत बहीण.
शंभरातले चाळीस कोंब आले.
चाळीसांची नावं ठेवावीत तशी ती
त्यांच्यामधून पाय जपत चालते.

मिठाला जागणं मी आजवर
म्हणीतच ऐकलं होतं.
इथे पाण्याची पाळी अडीचची असते,
आणि बियबिनाझ
दीडपासून फावडं घेऊन बसलेली असते.