तोंडाचं माप

अशोक स्तंभामागे निसारभाई
जाळी बुडवण्याआधी विचारतात,
"तोंड केवढं त्याचं?"
वाटाण्याएवढा पफर,
तोंड मोहरीएवढं.

"मग गप्पी नको, शेपट्या कुरतडेल.
झिंगे म्हणजे नाश्ताच.
ओटो बघा, काचेला चिकटून असतो,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
नाहीतर राहू द्या एकटा.
एकट्याला काही होत नाही."

सातपूरच्या खोलीत आम्ही तिघे होतो.
धनेश जाताना एवढंच म्हणाला,
तोंड आवर.
'रूम पार्टनर पाहिजे' अजून खिशातच आहे,
टपरीवर चिकटवायचं राहिलंय.

ओटो घेतले नाहीत.
पिशवीत फक्त गोगलगाई,
त्याच्या जेवणाला.

दिवा मालवताना
त्याचा एक डोळा त्यांच्यावर,
दुसरा
माझ्यावर.