कपाटामागे

पेपरच्या आधी पंधरा मिनिटं मला बोलावतात,
पर्यवेक्षकांत बाई मी एकटीच म्हणून.
वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत वाळक्या पानांचं कपाट आहे,
प्रत्येक पानाखाली नाव, गाव, तोडल्याची तारीख.
त्याच्यामागे मुलगी येते, नकाब वर करते.
मी फोटो बघते, मग तिला, मग परत फोटो.
फोंड्याच्या आमच्या कॉलेजात यंदा अशा तिघी.

मिस्बाह करोल, तृतीय वर्ष.
गालात खोकल्याची गोळी,
हनुवटीवर पुटकुळी, तिच्यावर पांढरी पेस्ट.
"मॅडम, ही फोटोत नव्हती," म्हणाली
आणि हसली.
मीही हसले असते.

पण सकाळीच स्टाफरूममध्ये फिरला होता
कुणाच्या तरी मेहुण्याने धाडलेला फोटो:
गेटापाशी तीन काळ्या आकृत्या,
खाली, वेळीच सावध व्हा.
पाठमोऱ्या होत्या तिघी. नकाब दिसतही नव्हता.
मधली मिस्बाह. पिशवी ओळखली मी,
तुटलेला बंद मीच टाचणीने जोडून दिलेला.
केरकरसर बिस्किट बुडवत म्हणाले,
"आपल्या गोंयात नव्हतं हो हे."
बिस्किट चहात पडलं.
कुणी काही बोललं नाही. मीही.

नव्हतं, हे खरंच.
तिची आई फीचा हप्ता भरायला येते
साध्या साडीत, डोक्यावर अर्धा पदर,
आणि भांडल्यासारखी सांगते,
"हांव सांगून थकलें, बाय. आयकना."
मी मान हलवायच्या आत लगेच,
"पूण तुमी तिका कांय म्हणूं नाकात."

मी धारबांदोड्याची.
खनिजाचे ट्रक धावायचे तेव्हा
आम्ही सगळ्या तोंडाला ओढणी घट्ट बांधून निघायचो,
उघडे फक्त डोळे, पापण्यांवर लाल धूळ.
ओढणीच्या आत काय चाललंय
ते कुणी विचारलं नाही.
चाललं बरंच होतं.
तरी ही तुलना लंगडी आहे, कळतं मला.
आमची ओढणी कॉलेजात पोचल्यावर
नळाखाली धुऊन वाळत पडायची.

का गं, एवढंच विचारायचं होतं.
शब्द ओठांपर्यंत आला,
आणि त्यात माझा आवाज किती होता,
त्या मेहुण्याचा किती, ते मला ठरवता येईना.

"जुळतो ना, मॅडम?"

घंटा झाली.
जुळतो, म्हटलं. सही केली.
तिने नकाब खाली घेतला
आणि आत कुठेतरी, दाताखाली,
गोळी फुटल्याचा आवाज आला.