खापर

हांडा काल दुपारपासून कशाला लावला नाही.
चोवीस तास, बाबा, शिफ्रा म्हणाली अश्दोदहून,
आणि कड्यांच्या बेचक्यांत बघा, तिथं पीठ राहतं.
दिना असती तर मला कुणी विचारलं नसतं.
माझं काम गोटा तापवायचं,
मार्कंडेयेतून आणलेला, नारळाएवढा.

सोमवारी मक्तुमसाब येऊन गेला.
अख्ख्या कॅम्पात कल्हई लावून घेणारं
तुमचं एकच घर उरलं, म्हणाला,
आणि नवसागराच्या धुरात
पातेल्याचं पोट उजळलं.
आत माझीच दाढी, वाढलेली.

आज उकळी.
डाव, झारा, सांडशी, जाळीत बांधलेले चमचे,
एकेक बुडवतो, फिरवतो, काढतो.
शेवटी तांबडालाल गोटा आत.
हांडा चरचरला, काठावरून उतू गेला,
बाहेर ठोकलेलं 'दि. ह. रोहेकर' न्हाऊन निघालं.

कायदा सोपा आहे.
भांडं जसं गिळतं तसंच ओकतं.
उकळत्यात प्यालं तर उकळत्यात,
आगीवर प्यालं तर आगीवर.

राहिलं खापर.

निंगव्वानं शिकवले होते दिनाला मांडे.
पहिल्या साली सगळे फाटले, आम्ही तुकडेच खाल्ले.
पुढं हातभर, धोतराच्या पोताचे,
खापराच्या पाठीवर टाकून ती मागं सरायची
कुणाला तरी निजवल्यासारखी.
अकरा महिने ते कोनाड्यात उपडं आहे.

मातीला उपाय नाही.
माती प्यालेलं परत देत नाही.
शिफ्राला विचारलंच नाही, माहीत होतं.
तरी वाफेवर धरून उभा राहिलो जरा वेळ,
हात पोळेपर्यंत.

भिंतीवरून हाक मारली.
"काय देउलायसा हो?"
विकतोय, म्हटलं. रुपया दे.
"आन् परत?"
सण उलटला की मागीन. द्यायचं की नाही, तुझ्यावर.
हसली. कमरेची संची सोडून
रुपया काढला, हळद लागलेला,
आणि खापर कडेवर घेतलं.

संध्याकाळी तांदूळ निवडत बसलो.
चुलीवर खजुराचा शिरा दाट होत होता.
कोनाड्यात एक गोल, धूळ नसलेला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आला वास:
गहू, तूप, तापलेली माती.

खिडकी लावायला उठलो.
वासाबद्दल कायदा काय म्हणतो
ते शिफ्राला विचारीन,
आठ दिवसांनी.