लांबी

रविवारी खाणीतल्या मैदानावरून
पाटणकर वकील रिकाम्या पुंगळ्या पाठवतात
कंदी पेढ्यांच्या खोक्यात.
झाकण उघडलं की आधी खव्याचा वास,
मग जळक्या दारूचा.

गोडोलीत आमचं दुकान. पाटीवरच्या 'शस्त्र दुरुस्ती'तला श
इतका उडालाय की परवा एक बाई
ब्लाऊज उसवून घ्यायला आली.
मी तिला बसवलं, पाणी दिलं.
आबा हसले नाहीत. त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

चोवीस वर्षं फौजेत आर्मोरर.
एकही गोळी माणसावर नाही.
झाडल्या त्या सगळ्या तपासायला,
भिंतीत, वाळूत, मातीच्या ढिगात.
कान मात्र त्यातच गेले.

पुंगळ्या आईच्या चिंचेच्या कोळात भिजतात,
टोप्या निघतात, अंगं आवळून घेतात,
मग माझ्यापाशी येतात.
बार झाला की पितळ पुढं सरकतं, गळ्याकडं.
एका बारात केसभर.
डोळ्याला दिसत नाही, व्हर्निअरला दिसतं.
वाढलेलं तोंड नळीत अडतं,
गोळीला चिमटीत धरून ठेवतं,
आणि सगळा जोर मागं फिरतो,
नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडं.
म्हणून कापायचं.

दांडा फिरवते. करकर.
पितळेचा कीस बोटांवर, ओढणीवर,
एकदा भाकरीतसुद्धा.
मग काठाला आतून एक वळसा, बाहेरून एक,
बोट फिरवून बघायचं,
बाळाच्या हिरडीवर दात आलाय का बघतात तसं.

"किती?" आबा विचारतात.
ओरडून उपयोग नाही.
पाटीवर लिहिते: ४९.८०.
ते मान हलवतात. पुढची.
४९.८०.
पुढची.
दुपार अशी जाते. समोर अजिंक्यताऱ्याची सावली
एसटी डेपोपर्यंत येते, परत जाते,
आणि आम्ही दोघं एकाच आकड्यावर.

त्या दिवशी शेवटचीही तशीच होती.
पाटी दाखवली. त्यांनी पाटी बघितलीच नाही.
सायकलच्या स्पोकचा वाकवलेला आकडा
त्यांनी पुंगळीत घातला,
डोळे मिटले,
आतल्या अंगावरून वर ओढत आणला.
बुडाच्या जरा वर
हात थांबला.

"हितं," म्हणाले.
माझं बोट धरून आकड्यावर ठेवलं.
काहीच नव्हतं.
पुन्हा ओढला. मग लागलं,
एक अगदी बारीक चर, गोल, आतल्या आत,
बाहेरून नुसती चकाकी, तीही उजेडात तिरकी धरली तर.

"लांबी बरोबर हाय की," मी पाटीवर लिहिलं.

त्यांनी वाचलं. बराच वेळ.
मग म्हणाले,
"गळ्याला आलेलं पितळ आलं कुठनं?
तू वरनं कापत ऱ्हायलीस,
ती खालनं देत ऱ्हायली."

आई चहा घेऊन दारात आली होती.
तिला कुणी काही विचारलं नव्हतं.
तिने कप ठेवले, माझ्या ओढणीवरचा कीस झटकला
आणि कोळाचं पातेलं घेऊन आत गेली.
तिच्या मनगटावरची बांगडी आता कोपरापर्यंत सरकते,
हे मला त्या दिवशी का दिसावं.

आबांनी पकडीने पुंगळी चेपली,
म्हणजे कुणी चुकूनही भरू नये,
आणि दुसऱ्या खोक्यात टाकली.
त्याच्यावरही पेढेवाल्याचंच नाव आहे.
महिन्याकाठी तांबट नेतो, वजनावर.

आता मी आधी आकडा घालते, मग मोजते.
आबांनी तसं सांगितलेलं नाही.
पाटीवर दोन रकाने केलेत.
दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते ठरत नाही,
म्हणून बोट टेकवते,
खडूचा एक ठिपका उठतो.

"किती?" ते विचारतात.
मी पाटी वळवते.
ते आधी ठिपका बघतात.