झाकण

शालिक एकतीस वर्षांनी गावात आला
आणि दोन दिवस नुसता झोपला.
तिसऱ्या दिवशी निरोप धाडला :
तलावाच्या पाळीवर या,
जेवायला नाही, चाखायला.

पूस सरत आलेला.
बांध्यांत धानाचे धस, धसांमधून निळी लाखोळी.
लेकरामनं आणले बोटाच्या पेराएवढे झिंगे,
ओल्या फडक्यात, अजून उडणारे.
वच्छला सिस्टरनं सिंगाडे उकडून आणले.
(रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी ती सिस्टरच.)
टेकचंद राइसमिलवाला आधी हात हलवत आला,
मग काय वाटलं, परत जाऊन
लाखोळीच्या वड्यांचा डबा घेऊन आला.
माझे पापड. कंडक्टरची पेन्शन, दुसरं काय.

शालिकनं तीन विटांवर कढई ठेवली.
तिकडचं तेल बॅगेतच सांडलं म्हणे,
तिन्ही शर्ट त्यात न्हाले.
मग जवसाचं तेल, ठेचलेला लसूण, लाल मिरची,
आणि झिंगे, एक उकळी येईस्तोवर.
वास पाळीवरून खाली उतरला,
ढिवरटोल्यातली कुत्री वर आली.

"थोडं थोडं खा," तो म्हणाला,
"स्पेनमध्ये असंच. एक घास, एक घोट, मग गोष्टी."
"मंग जेवाचं कवा?"
"जेवत नाहीत बे. उभ्यानंच चालते."
"उभ्यानं तं आमच्याकडं वाढपी खाते," लेकराम म्हणाला
आणि फतकल मारून बसला.

बाटली लुंगीत गुंडाळून आणलेली. बुचाला चावी नाही.
अडलेली बाळंतीण पाहावी
तशी सिस्टरनं ती उलटसुलट पाहिली.
टेकचंदनं खिशातून सायकलचा स्पोक काढला.
त्याच्या खिशात स्पोक का होता, कोणी विचारलं नाही.
त्यानं टोचलं, दाबलं,
बूच आत पडलं आणि तरंगत राहिलं.

स्टीलच्या गिलासात ती काळीच दिसली.
"जांभूळ खाऊन गुठली थुकल्यावर
तोंडात जे रायते, ते हे," लेकरामनं निकाल दिला.
सिस्टरनं दुसऱ्यांदा गिलास पुढं केला
आणि म्हणाली, औषधावानी घेतो मी.

शालिक सांगत होता : बारा वर्षं भांडी घासली,
मग कांदे, मग मासे, मग एकदाचा शेगडीपाशी.
छोट्या बशीला ते तापा म्हणतात.
तापा म्हणजे झाकण.
जुन्या काळी गिलासात माशी पडू नये
म्हणून वर पावाचा तुकडा ठेवत,
मग तो खाऊ लागले, झालं.

झाकण म्हटल्यावर मी कढईत पाहू लागलो.

कारण शालिक गेला त्या पहाटे
टेकचंदची सायकल पण गेली होती,
नवी, हिरवी, मडगार्डवर नाव घातलेली.
टेकचंदनं सहा महिने पोलीस पाटलाचं दार झिजवलं.
आणि त्या सायकलचं लगेज तिकीट
पहिल्या गाडीत मीच फाडलं होतं.
शालिकनं तेव्हा माझ्याकडं नुसतं पाहिलं होतं,
मी पंच वाजवला होता.

एकतीस वर्षं टेकचंदच्या घरचा चहा प्यालो.
त्याच्या पोरीच्या लग्नात पंगती वाढल्या.

आता तलावावर धुकं जमत होतं,
कढईच्या बुडाशी तेल, लसणाचे दोन काप, एकच झिंगा.
टेकचंदनं तो उचलून शालिकच्या बशीत टाकला.
मग माझ्याकडं न पाहता,
वड्याचा तुकडा तेलात बुडवत :
"लगेज किती झालता रे?"

लेकराम चघळायचा थांबला.
शालिकच्या कानाच्या पाळ्या
शाळेत व्हायच्या तशा लाल झाल्या.

"साडेतीन रुपये," मी म्हणालो.

"महागच पडली," टेकचंद म्हणाला,
आणि हसला की ठसका लागला, कळलं नाही,
सिस्टर त्याची पाठ चोळत राहिली.

मग त्यानं पापड मोडला,
अर्धा माझ्या गिलासावर ठेवला.
माशी पडल, म्हणाला.
पुसाच्या थंडीत, रात्री साडेआठला,
पाळीवर माशी नव्हती.
मी पापड काही वेळ तसाच राहू दिला,
मग खाल्ला.