येणे बाकी

मुख्याधिकारी म्हणाले, झांबरेबाई,
नगरपालिकेला शंभर वर्षं होतायत,
स्मरणिकेसाठी इतिहास लिहून द्या. दोन पानं.
दाराशी गेल्यावर परत हाक मारून म्हणाले,
जाहिराती बऱ्याच आल्यात, तेव्हा दीड.

मी घरपट्टीत कारकून.
मला इतिहास घर नंबरानं येतो.

घर नंबर एक, थोरली गढी. पट्टी माफ.
घर नंबर दोन, धाकटी गढी. पट्टी माफ.
घर नंबर तीन, बाईची गढी, येरळेच्या वळणावर.
पट्टी माफ. आणि पुढे वेगळ्या शाईत: माफी रद्द.
कसबे पिंपरूळ खरं तर चार नंबरपासून सुरू होतं.
तिथून पुढे सगळे पैसे भरतात.

थोरलीच्या बुरुजावर पाण्याची टाकी बसली.
गावाला पाणी अजून तिथूनच खाली येतं,
पूर्वी हुकूम यायचा तसं,
सकाळी अर्धा तास, आणि कधी येईल ते सांगता येत नाही.
धाकटीत कन्याशाळा. देवडीत भाले टेकायचे
त्या खाचांमध्ये आता छत्र्या.

तिसरी मात्र नाहीच.
नकाशावर आहे, वळणावर नाही.
वळणावर मंगळवारी शेळ्या विकतात.

लाल फडक्यातला बस्ता सोडला. एकोणीसशे एकतीस.
कडेनं उंदरानं खाल्लेलं ठरावबुक, मजकूर शाबूत:
जहागीरदारीण मथुराबाई यांजकडील पट्टी
सात साल थकलेने गढी जप्त करणेत यावी,
व तिची पांढरी माती लोकांस
गाडीस दोन आणे प्रमाणे देणेत यावी.
समासात एवढंच, की निघताना बाईंनी पावती मागितली.
दिली का, ते नाही.

पांढरी माती धाब्यावर चोपली की घर गळत नाही,
हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.
दोन उन्हाळ्यांत चार बुरूज गावाच्या डोक्यावर गेले.
खंडू लोणारी, गाड्या चार.
बाबालाल मुलाणी, तीन. रोख.
अनंतशेट सोनार, अकरा,
आणि शेजारी पेन्सिलीनं कुणीतरी: चाळून बघणार.
काय सापडलं, त्याचा ठराव नाही.

मग पान उलटलं तर, सटवा झांबरे.
गाडी नाही. पाट्या वीस, डोक्यावरून.
धरली एक गाडी. दोन आणे.
येणे बाकी.

गढी रचताना पाट्या कुणी वाहिल्या
ते कुठल्याच बस्त्यात नाही.
वेठीचा हिशेब ठेवायची कुणाला गरज होती?
मी दोनदा शोधलं, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा.

आडनाव तेच. बाकी पुरावा म्हणाल तर काही नाही.
एवढंच, की आमच्यात स्लॅब पडला तेव्हा
वडलांनी धाब्याची माती नाल्यात टाकू दिली नाही,
परसात ओढली. कंत्राटदार हसला.
अजून खुरपं घातलं की दोन बोटांवर पांढरं लागतं,
आणि त्यात भेंडी बरी येते.

दीड पान दिलं. सनावळी घातली,
तीन गढ्या, बारा नगराध्यक्ष, नळयोजनेचा टप्पा दोन.
एक नगरसेवक म्हणाले, हत्ती कुठाय?
आमच्या गावात हत्ती होता असं आम्ही ऐकलंय.
हत्ती घातला.
सटवा घातला नाही. इतिहासात थकबाकीदाराचं नाव
छापायची पद्धत नाही, ते फलकावर लावतात.

मार्चअखेर, सगळे गेल्यावर,
घर नंबर तीन संगणकावर उघडलं.
वाटलं, आपणच भरून टाकू.
यंत्राला आणे कळत नाहीत.
बारा पैसे टाकले, त्यानं शून्य केलं,
आणि शून्यावर दरमहा दोन टक्के शास्ती लावून
विचारलं: पावती कुणाच्या नावे?

खिडकीबाहेर टाकी भरून वाहत होती.
मथुराबाई लिहिलं.
खोडलं.